कपाटात कोण राहते? : शहागड परिसरातील एका वर्गवाचनालयाचा अभ्यास

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा आमच्या वर्गात मुले कमी झालेली असतात. गोदावरीच्या अलीकडे जालना जिल्ह्यातला अंबड तालुका आणि शहागडचा पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका. दोन्ही तीरांवरच्या वाड्या-वस्त्या-तांड्यांवरून याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरलेला असतो आणि मागे सांभाळायला कुणी नसेल तर लेकरेही सोबत जातात. हजेरीपटावर नाव राहते आणि मूल फडावर जाते. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, साखरशाळांचे प्रयोगही झाले; तरी काही मुले जातातच.

मी या परिसरातील जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी तिसरीतली एक मुलगी वर्गवाचनालयातले पुस्तक हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. म्हणाली, ‘‘मॅडम, हे संगं नेऊ का? निम्मंच झालंय.’’ सुट्टीपूर्वी सगळी पुस्तके जमा करून घ्यायची, हा नियम मीच केला होता. मी पुस्तक परत घेतले, नोंदवहीत टिक केली आणि कपाटाला कुलूप लावले. ती मुलगी एप्रिलमध्ये परत आली. त्या पुस्तकाचे तिने नाव काढले नाही. मीही काढले नाही.

पुढे तेच पुस्तक मी स्वतः वाचले. आईबाबा, दोन मुले, आजी आणि त्यांची सुट्टीतली रेल्वेसफर. पुस्तक वाईट नव्हते. पण वाचता वाचता दुसऱ्या एका मुलाने पूर्वी विचारलेला प्रश्न आठवला : ‘‘यांच्या घरी कामाला कुणीच जात न्हाई का?’’ तेव्हा मी हसले होते. आता वाटले, या एका प्रश्नात बालसाहित्याच्या समीक्षेने विचारायला हवे ते जवळजवळ सगळे आहे. त्या प्रश्नाच्या मागे जाण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख.

कपाट हीच संहिता

मराठीत बालसाहित्याची समीक्षा बहुधा एकेका पुस्तकाची किंवा लेखकाची होते. भाषा सोपी आहे का, कल्पकता आहे का, उपदेशाचा भार किती, चित्रे कशी, असे प्रश्न आपण विचारतो, आणि ते योग्यच आहेत. पण सहासात वर्षांचे मूल पुस्तकांच्या दुकानात जात नाही. त्याच्यापुढे असते एक लोखंडी कपाट किंवा भिंतीला बांधलेली, पुस्तके अडकवलेली दोरी. त्याच्या दृष्टीने जगातली पुस्तके तेवढीच. म्हणून अशा मुलाचा विचार करताना समीक्षेचे एकक पुस्तक न मानता कपाट मानावे, असे मला वाटते. एखाद्या पुस्तकात ऊसतोड मजुराचे मूल नाही, हा त्या पुस्तकाचा दोष नाही. संपूर्ण कपाटात ते नाही, हा कपाटाचा दोष आहे. आणि तो कपाट भरणाऱ्यांचा, म्हणजे माझाही आहे.

या दृष्टीने मी आमच्या वर्गातली सगळी पुस्तके बाहेर काढून जमिनीवर मांडली आणि प्रत्येकाला सहा प्रश्न विचारले. गोष्टीत कोण आहे? ते कुठे राहते? त्याच्या घरचे लोक पोटासाठी काय करतात? ते कोणत्या भाषेत बोलते? त्याच्यावर अडचण येते तेव्हा ती कोण सोडवते? आणि शेवटी कोण बदलते? एका कपाटाच्या मोजणीवरून सबंध मराठीबद्दल आकडे सांगणे योग्य नव्हे. म्हणून आकड्यांपेक्षा दिसलेली घडण सांगते.

सर्वांत मोठा ढीग थोरांच्या चरित्रांचा झाला. त्याखालोखाल बोधकथा, इसापनीती, पंचतंत्र, अकबर-बिरबल आणि तेनाली राम. मग प्राण्यांच्या गोष्टी. आजच्या काळातल्या, जिवंत, खोड्या करणाऱ्या, भांडणाऱ्या, भूक लागणाऱ्या मुलांच्या गोष्टींचा ढीग सर्वांत लहान. त्या लहान ढिगातली बहुतेक मुले शहरातली, पक्क्या घरातली, नोकरदार आईबापांची. चित्रांतले ‘गाव’ म्हणजे डोंगर, नारळ किंवा आंब्याचे झाड, उतरत्या कौलांचे घर आणि तुळशीवृंदावन. गोदाकाठच्या काळ्या सपाट रानातले, बाभळीखालचे, माळवदाचे किंवा पत्र्याचे घर एकाही चित्रात नव्हते. नावे पाहिली तर मुसलमान मूल ईदच्या गोष्टीपुरते आले होते. तांड्यावरचे मूल, पारधी मूल, भांडीकुंडी घेऊन हिंडणाऱ्या घरातले मूल नव्हतेच. आणि आमच्या वर्गात तर मराठीसोबत गोरबोली आणि दखनी वळणाची उर्दू रोज ऐकू येते.

हे असे का झाले?

याचे उत्तर काही अंशी इतिहासात आहे. मराठीतील बालवाङ्मयाच्या छपाईचा आरंभच भाषांतराने झाला. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये छापलेली ‘बालबोधमुक्तावली’ ही इसापच्या गोष्टींची मराठी आवृत्ती. पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘इसापनीती’ आणि ‘बाळमित्र’ मराठीत आणले. ‘बाळमित्र’चे मूळ बर्कीन या फ्रेंच लेखकाचे. त्यानंतर अमेरिकन मिशनचा ‘बालबोधमेवा’ १८७२ मध्ये निघाला, वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ १९०६ मध्ये. मूल म्हणजे ज्याला वळण लावायचे ते, ही धारणा या साऱ्या परंपरेत खोलवर आहे. वळण लावणारा वडीलधारा सुशिक्षित असणार, हे गृहीत. त्यामुळे ज्या घरात पुस्तक आधीच पोचले होते, त्याच घरातले मूल पुस्तकातही पोचले.

दुसरे कारण बाजाराचे. मराठी प्रकाशन पुण्या-मुंबईत वाढले. मुलांसाठी पुस्तक विकत घेणारे पालक ज्या थरातले, त्या थराच्या मुलांची पुस्तके निघत राहिली. शासकीय खरेदी मोठ्या प्रमाणावर झाली, पण ती संचांची झाली. आणि संचात चरित्र व बोधकथा सुरक्षित असतात, त्यांवर कुणी आक्षेप घेत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत प्रत्येक शाळेत वाचनालय असावे, त्यात वर्तमानपत्र, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून प्राथमिक शाळेला वाचनालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे पुस्तके मुळीच येत नाहीत, असे आज म्हणता येत नाही. ती कोण निवडतो आणि कुणाला डोळ्यांपुढे ठेवून निवडतो, हा प्रश्न उरतो.

तीन वाचने

कपाटातल्या चांगल्या पुस्तकांकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? तीन उदाहरणे घेते. तिन्ही मला प्रिय आहेत, हे आधीच सांगते.

पहिले ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आजही आमच्या मुलांना वाचून दाखवले की वर्ग स्तब्ध होतो. कर्ज, गरिबी, आईचे आजारपण या गोष्टी आमच्या मुलांना समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्यात एक प्रसंग आहे : एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते, ती डोक्यावर चढवायला कुणी हात लावत नाही, आणि आई श्यामला तिच्या मदतीला पाठवते. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या आईच्या तोंडी हे येणे मोठे होते. ज्या लेखकाने पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले, त्याच्या वृत्तीशी ते जुळणारेही आहे. पण माझ्या वर्गात हा प्रसंग वाचला तेव्हा एका मुलाने विचारले, ‘‘त्या म्हातारीचा नातू कुठं गेलता?’’ मला उत्तर देता आले नाही, कारण पुस्तक त्या म्हातारीच्या घरी जातच नाही. या प्रसंगातून शिकतो तो श्याम, मोठा होतो तो श्याम. म्हातारी त्याच्या मोठे होण्याचे निमित्त आहे. साने गुरुजींना यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली आणि प्रामाणिकपणे सांगितली. दोष एवढाच की, त्यानंतरच्या इतक्या दशकांत त्या म्हातारीच्या नातवाची गोष्ट त्याच कपाटात, ‘श्यामची आई’च्या शेजारी येऊन बसली नाही.

दुसरे भा. रा. भागवतांचे ‘फास्टर फेणे’. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला, सायकलीवर हुंदडणारा हा काटकुळा पोरगा आमच्या मुलांना मनापासून आवडतो. तो आपल्यासारखा नाही, ही तक्रार मी एकदाही ऐकलेली नाही. उलट पत्र्याच्या खोलीतला पोरगा बिनदिक्कत बनेश फेणे होतो आणि मधल्या सुट्टीत चोर पकडतो. आपल्यासारखेच पात्र असेल तरच मूल रमेल, असे मानणाऱ्यांनी हा अनुभव लक्षात घ्यावा. फेणे आवडतो कारण तो स्वतः काहीतरी करतो. अडचण तोच सोडवतो. मोठ्यांना त्याच्या मागे धावावे लागते. इथून मला एक कसोटी मिळाली : पुस्तकातले मूल कोणत्या जातीचे, गावाचे आहे यापेक्षा त्याला त्या गोष्टीत काही करायला मिळते का, हे आधी पाहावे.

तिसरे माधुरी पुरंदरे यांचे लेखन व चित्रे. ‘राधाचं घर’ किंवा यशच्या गोष्टी वाचताना जाणवते की, इथे मूल उपदेशाचे गिऱ्हाईक नाही. त्याचे रुसणे, हट्ट, भीती यांना त्यांची जागा आहे. जग बहुतांशी मध्यमवर्गीय घराचे आहे, पण पाहण्याची रीत कुठल्याही घराला लागू पडेल अशी आहे. त्यांच्या ‘चित्रवाचन’चा मला सर्वांत अधिक उपयोग झाला. त्यातल्या भरगच्च चित्रांसमोर प्रमाणभाषेची अट गळून पडते. तांड्यावरची मुलगी गोरबोलीत सांगते, शेजारची मराठीत. आणि कुणीही चूक नसते. ज्या वर्गात तीन भाषा आहेत तिथे चित्र वाचणे हाही विविधतेचाच पाया आहे, हे मला या पुस्तकाने शिकवले.

आरसा आणि त्याचा त्रास

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मध्ये मुलांच्या पुस्तकांतल्या गोऱ्या जगाविषयी लेख लिहिला. पुस्तकातली मुले नेहमी गोरीच का असतात, या अर्थाचा प्रश्न पाच वर्षांच्या एका काळ्या मुलीने विचारला होता; लेख त्या प्रश्नापासून सुरू होतो. लॅरिक यांनी तीन वर्षांतली ५,२०६ पुस्तके तपासली. त्यांपैकी केवळ ६.७ टक्के पुस्तकांत एखादे तरी काळे पात्र होते. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप यांनी पुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारे अशी उपमा दिली. मुलाला पुस्तकात स्वतःचे रूप दिसावे, दुसऱ्याचे जग दिसावे आणि त्या जगात पाऊलही टाकता यावे, असा त्याचा आशय. आज जगभर वर्गवाचनालयाची चर्चा याच उपमेभोवती फिरते.

मीही त्या उपमेने भारावून गेले होते आणि त्या भरात एक चूक केली. भटक्या समाजातल्या मुलावरचे एक पुस्तक मोठ्या खटपटीने मिळवले. वर्गात त्याच समाजातला एक मुलगा होता. सगळ्यांसमोर मी ते त्याच्या हाती दिले आणि म्हणाले, ‘‘हे बघ, हे तुझं पुस्तक.’’ वर्गाने माना वळवून त्याच्याकडे पाहिले. त्याने पुस्तक घेतले, दोन मिनिटे मांडीवर ठेवले आणि गुपचूप दोरीला अडकवून आला. पुढे वर्षभर त्याने त्याला हात लावला नाही. मी आरसा दिला नव्हता; जे तो रोज लपवायला धडपडत होता, ते मी चारचौघांत उघडे केले होते.

दुसरा अनुभव ऊसतोडीवरच्या एका गोष्टीचा. मी ती हौसेने वाचून दाखवली. कोपी, पाचट, पहाटेची थंडी, ट्रॅक्टरची वाट पाहणे, सगळे बरोबर होते. वाचून झाल्यावर फडावर जाऊन आलेला एक मुलगा म्हणाला, ‘‘हे तं आमाला माहीतच हाय. वाघाचं द्या ना.’’ म्हणजे ज्याच्या वाट्याला ते जगणे आले आहे, त्याला पुस्तकातही तेच हवे असेल, असे नाही. मजुराच्या मुलाने मजुरीचीच गोष्ट वाचावी, हाही एक प्रकारचा कोंडमारा आहे. वाघाची, चंद्राची, भुतांची गोष्ट ही काही फक्त शहरातल्या मुलांची मिरास नव्हे.

मग आरसा नकोच का? तसे नाही. त्याच ऊसतोडीच्या पुस्तकाला वर्गात ऊसतोडीला न जाणाऱ्या मुलांनी फार प्रश्न विचारले, आणि त्यांची उत्तरे वाघाचे पुस्तक मागणाऱ्या त्या मुलाने दिली. वाढे म्हणजे काय, मोळी कशी बांधतात, रात्री गाडी आली तर काय करतात. त्या तासाला तो वर्गातला जाणकार होता. पुस्तक त्याच्यासाठी आरसा म्हणून निरुपयोगी ठरले, पण इतरांसाठी खिडकी झाले आणि त्या खिडकीत तो उभा होता. कोणते पुस्तक कुणासाठी काय ठरेल, हे कपाट भरणाऱ्याने आधी ठरवू नये. पुस्तक तिथे असावे आणि ते न घेण्याचा हक्कही मुलाला असावा.

विविधतेची सोंगे

अलीकडे ‘सर्वसमावेशक’ असा शिक्का असलेली पुस्तके येऊ लागली आहेत. त्यांचेही परीक्षण व्हायला हवे. मला त्यांत चार सोंगे वारंवार दिसली.

पहिले सणावारी सोंग : मुसलमान मूल शिरखुर्मा वाढण्यापुरते येते आणि पुढच्या पानावर नाहीसे होते. त्याला कधी गणिताची भीती वाटत नाही, त्याची बकरी हरवत नाही. दुसरे उपकाराचे सोंग : गरीब मूल येते ते कुणीतरी त्याला वही, चप्पल किंवा वाढदिवसाचा केक द्यावा म्हणून. तिसरे अपवादाचे सोंग : वंचित घरातले मूल शेवटी कलेक्टर होते. जे कलेक्टर होणार नाही, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. चौथे निसर्गाचे सोंग : आदिवासी मूल फक्त झाडांशी आणि पाखरांशी बोलते, शेजाऱ्यांशी भांडत नाही. या चारही प्रकारांत मूल हजर आहे, पण माणूस म्हणून नाही. म्हणून निव्वळ डोकी मोजून कपाट वैविध्यपूर्ण ठरत नाही.

याला आमच्या भागात एक निकड आहे. २०२३ मध्ये आमच्याच अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी आरक्षणाच्या आंदोलनामुळे सगळ्यांना ठाऊक झाले. मोठ्यांच्या मागण्यांच्या बऱ्यावाईटाविषयी इथे बोलायचे नाही. पण तेव्हापासून दुसरी-तिसरीतली मुलेही एकमेकांना ‘तू कोणाचा’ हे विचारताना मी ऐकले आहे. ज्यांना एकमेकांच्या जातीचे नाव आधी आणि घर नंतर कळते, अशा मुलांच्या हाती एकमेकांच्या घरांत नेणारी गोष्ट असणे ही चैन नाही.

गोष्टी आहेत, पण कुठे?

‘अशा गोष्टी मराठीत नाहीतच’ हे अर्धसत्य आहे. खरे तर गावकुसाबाहेरच्या बालपणाचे वर्णन मराठीइतके समृद्ध क्वचितच कुठल्या भारतीय भाषेत असेल. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ (१९८०), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, आमच्या मराठवाड्यातल्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’, किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ या सगळ्यांचा मोठा भाग बालपणाचा आहे. त्यांत शाळा आहे, मास्तर आहेत, भूक आहे, तसेच खेळ, चोरून खाल्लेली बोरे आणि हसूही आहे. पण ही पुस्तके प्रौढांसाठी लिहिलेली. विद्यापीठात ती अभ्यासाला लागली, जगभर भाषांतरित झाली; आठ वर्षांच्या मुलाला झेपेल अशा रूपात मात्र आपल्या बालसाहित्याने त्यांच्याकडून फारसे काही घेतले नाही. आत्मकथनांची परंपरा आणि बालसाहित्याची परंपरा एकाच भाषेत शेजारी राहून एकमेकींशी बोलल्या नाहीत. मराठी बालसाहित्याच्या इतिहासातली ही मला सर्वांत मोठी फट वाटते.

आणि मुलांच्या स्वतःच्या लेखनाचे काय? सावित्रीबाई व जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी मुलगी स्वतःच्या समाजाच्या दुःखावर सडेतोड लिहू शकते आणि ते छापण्याजोगे असते, हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. तरी वर्गवाचनालयात मुलांनी लिहिलेले पुस्तक ठेवण्याची कल्पना आजही आपल्याला पोरखेळ वाटते.

वाटा दाखवणारे आहेत. फलटणच्या कमला निंबकर बालभवनात मॅक्सिन बर्नसन यांनी मुलांच्या घरच्या बोलीचा मान राखून वाचन-लेखन शिकवण्याचा धडा घालून दिला. वाडा तालुक्यातल्या ‘क्वेस्ट’ संस्थेचा ‘गोष्टरंग’ उपक्रम पुस्तकातल्या गोष्टी आदिवासी भागातल्या शाळांत नाटकासारख्या करून दाखवतो; मूल आधी गोष्ट पाहते, मग पुस्तकाकडे धावते. भोपाळची ‘मुस्कान’ संस्था पारधी, गोंड वस्त्यांतल्या मुलांच्या सांगण्यातून पुस्तके करते. हैदराबादच्या ‘अन्वेषी’ने २००८ मध्ये दलित, मुस्लिम आणि कष्टकरी घरांतल्या मुलांच्या गोष्टींची मालिका तेलुगू, मलयाळम व इंग्रजीत काढली, तिच्यातली मुले कुणाच्या दयेवर जगत नाहीत. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून गोष्टी खुल्या परवान्याने मिळतात; त्या आपल्या भाषेत उतरवून छापून घेता येतात. बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंकही आज फुकट वाचता येतात. उर्दू वाचणाऱ्या मुलांसाठी ‘बच्चों की दुनिया’ हे मासिक आहे. म्हणजे कपाट भरायला पैसा कमी पडतो हे खरे असले, तरी शोध त्याहून कमी पडतो.

कपाट पुन्हा लावताना

या अभ्यासानंतर आमच्या कपाटात काय बदलले, ते थोडक्यात सांगते. चरित्रे फेकली नाहीत. निम्मी शेजारच्या मोठ्या वर्गांना दिली. जागा झाली तिथे आजच्या मुलांच्या गोष्टी आणल्या. नवे पुस्तक घेताना ते सहा प्रश्न विचारते. पण एकाच पुस्तकाने सगळी उत्तरे बरोबर द्यावीत असा आग्रह धरत नाही, कपाटाने मिळून द्यावीत एवढे पाहते. वाघ, भुते, राक्षस भरपूर ठेवले आहेत. खुल्या परवान्याच्या काही गोष्टी तांड्यावरच्या पालकांनी गोरबोलीत सांगितल्या, मी देवनागरीत लिहून घेतल्या, मुलांनी चित्रे काढली. त्या चित्रांत घरावर पत्रा आहे आणि पत्र्यावर दगड ठेवलेले आहेत. कुणाला कुठले पुस्तक ‘त्याचे’ म्हणून देणे बंद केले. कुलूप काढले, नोंदवही आता मुलेच ठेवतात.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतले दोन. हे दोन्ही नियम कपाट एका जागी उभे राहील असे गृहीत धरतात. आमच्याकडे वाचकच चालू लागतो. म्हणून शेवटचा बदल नियमात केला : दिवाळीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला कापडी पिशवीत चार पुस्तके बांधून द्यायची. दोन त्याने निवडायची, एक त्याच्या मित्राने, एक मी. परत आली नाहीत तरी विचारायचे नाही.

पहिल्या वर्षी काही आली, काही आली नाहीत. एका पुस्तकाच्या कडा चुलीच्या धुराने काळ्या पडल्या होत्या आणि दोन पाने सुटली होती. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चार नावे लिहिली होती. त्यांतले एकही माझ्या हजेरीपटावर नव्हते. नेणाऱ्या मुलाला विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘दुसऱ्या टोळीतली पोरं हायेत, मॅडम. त्यांनी बी वाचलं.’’ ते पुस्तक मी चिकटपट्टी लावून पुन्हा दोरीला अडकवले आहे. यंदाच्या पिशव्या बांधायला घेतल्या आहेत. ते कुणी निवडते का, हे पाहते आहे.